भोगीच्या ढिगातली ठमी

२७ डिसेंबर, मंगळवार

मागच्या दारी पुन्हा तीच मांजर. राखाडी, एक कान फाटका, पोट असं की चालताना दोन्ही बाजूंनी डुलतं. आज तर थेट माझ्या खोक्यात शिरून बसली. नाशिकहून इथे अंबत्तूरला बदलीचं सामान आलं त्यातलं ते लाकडी खोकं, आत पेंढा तसाच. पुढच्या बदलीला लागेल म्हणून जपून ठेवलंय. हाड हाड केलं तर बाईसाहेबांनी नुसतं वर बघितलं. मला मांजरं आवडत नाहीत, हे तिला कोणी सांगावं. बस चुकली.

२८ डिसेंबर, बुधवार

वरच्या मामी (घरमालकीण, तंजावूरच्या मराठी) खाली आल्या. पोंगल येतोय, भोगीच्या आत घरातलं पळैय म्हणजे जुनं सगळं बाहेर काढायचं, भाडेकरूंनीसुद्धा. "तें पेटी कशाला ठेवलीस? देऊन टाक तें." त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं कोणी पणजी बोलतेय, तमिळ चाल लावून. म्हटलं, बरं झालं, खोकं गेलं की मांजरही जाईल. समोरच्या सेल्वमने ते डोक्यावर घेतलं आणि त्याच्या भिंतीला लागून गल्लीचा ढीग आहे तिथे नेऊन टाकलं. केवढा ढीग तो. नोव्हेंबरच्या पावसात गल्लीत गुडघाभर पाणी होतं, तेव्हा कुजलेल्या गाद्या, चटया, मोडक्या खुर्च्या. पोंगलनंतर कॉर्पोरेशनची लॉरी नेत असणार.

मागचं दार मोकळं. छान वाटलं. जरा ओकंबोकंही.

१ जानेवारी, रविवार

काल बँकेत क्लोजिंग, घरी येऊन नुसती पडले. आज दूध आणायला निघाले तर ढिगातून चूं चूं. वाकून बघते तर अगदी तळाशी माझं खोकं आडवं, त्यावर मागाहून पडलेल्या गाद्यांची चळत, आणि पेंढ्यात ती. पोटाशी वळवळ. चार. एक राखाडी, दोन पांढरी-काळी, एक पिवळट, सगळ्यात चिमुकलं.

अगं बया. खोक्याच्या मागे मागे गेली होती ती.

दुधाची पिशवी हातात घेऊन मी तिथे रस्त्यात उकिडवी बसलेली. जाणारे-येणारे बघतायत. बघोत.

नाशिकला फोन. म्हटलं, "चार झाली."
हे : "कोणाला?"

नाव ठमी. ह्यांना पसंत नाही, म्हणाले माझ्या आत्याचं नाव होतं. मग तर ठमीच.

३ जानेवारी, मंगळवार

दुधात पोळी कुस्करून नेली. ठमीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. तुपाची पोळी होती. मामी वरून बघत होत्या. थोड्या वेळाने त्याच खाली आल्या, केळीच्या पानाच्या तुकड्यावर दहीभात घेऊन. ताटली चाटावी तसं पान चाटून साफ केलं ठमीने. मामी जिना चढताना पाठीवरून सुद्धा कळत होतं किती खूश आहेत ते.

ब्रँचमध्ये दिवसभर डोळ्यांपुढे तेच. व्हाउचरवर दोनदा सही केली.

५ जानेवारी, गुरुवार

बाळंतिणीला नुसत्या दहीभाताने काय होतंय. ब्रँचमधल्या प्यूनला विचारलं, तो म्हणाला नेत्तिली द्या, सुकी. बारीक मासे. जन्मात मासळीच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. आज चढले. पुडी पर्समध्ये, पर्स बसमध्ये, आणि सगळी बस माझ्याकडे बघतेय.

मामींना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दारात पाऊल टाकलं तर वरून आवाज, "काय आणलीस? माझ्या तुळशीच्या बाजूनं नको जाऊं, मागून जा." म्हणजे रागावल्या नाहीत. रस्ता दाखवला.

ठमीने नेत्तिली खाल्ली ती गुरगुरत, डोळे मिटून. जवळ बसू दिलं. हात लावू देत नाही.

८ जानेवारी, रविवार

पिवळट्याचा एक डोळा किलकिला झालाय. एकच. जणू डोळा मारतोय. अर्धा तास बघत बसले, पाय बधिर.

आणि मग दुपारी ते.

मामींना म्हटलं, शुक्रवारी भोगी, बाजरीचं पीठ कुठे मिळेल? भोगीची भाजी करते, गाजर, वांगं, हरभरे, तीळ घालून. तुम्हालाही देईन. मामी म्हणाल्या दे, पण सकाळी लवकर उठ, पहाटे पेटवतात.

"काय पेटवतात?"

"तेंच. पळैय सगळं."

ढीग. तो ढीग जाळतात. गल्लीचे सगळे जमतात, पोरं मेळम बडवतात, आणि सूर्य उगवायच्या आत सगळं जुनं जाळून टाकतात. आमच्याकडे जाळायची ती होळी. भोगीला आम्ही भाकरी खातो. मला कसं कळावं? आणि मी माझ्या हाताने ते खोकं दिलं. कोरडा पेंढा, कोरडं लाकूड, आत चार.

मामी बघतच राहिल्या माझ्याकडे. "तुला ठाऊक नव्हतं?" मग हळूच, "पावम." म्हणजे बिचारी. ते ठमीसाठी की माझ्यासाठी कोण जाणे.

९ जानेवारी, सोमवार

सेल्वमकडे गेले. माझं तमिळ आणि त्याचं इंग्लिश. पूनै (मांजर), कुट्टी (पिल्लू), फायर, नो. त्याला लगेच कळलं. माणूस वाईट नाही. पण ढीग गल्लीचा, त्याच्या एकट्याचा नाही, आणि या वर्षी शेजारच्या गल्लीपेक्षा मोठा व्हायलाच हवा म्हणे. खोकं ओढून काढू म्हणाला. ओढलं तर वरच्या गाद्या, कपाटाचं दार, सगळं पिल्लांवर. हेही त्याला लगेच कळलं. डोकं खाजवत उभा राहिला.

"मॅडम, मांजर हुशार असते. ती नेईल."

मामींचं एकच. हात लावायचा नाही. माणसाचा वास लागला की आई पिल्लं टाकते.

आमची आई म्हणायची मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. फिरव बाई. एकच घर फिरव, माझं.

१० जानेवारी, मंगळवार

मागच्या दारी फळांचं खोकं मांडलं, आत माझी जुनी सुती साडी, पुढ्यात नेत्तिली. ठमी आली, नेत्तिली खाल्ली, साडी हुंगली, निघून गेली. हॉटेलात येऊन नुसता चहा पिऊन जावं तशी.

मग डोक्यात आलं. पेंढा. तिला पेंढा हवाय. अंबत्तूरमध्ये पेंढा कुठे मिळतो? दूधवाल्याकडे. गाईचं वैकोल, म्हणजे पेंढाच, मागितलं तर त्याला वाटलं मीही गाय घेतेय. पेंडी काखेत मारून आले. ब्रँचच्या साहेबांनी बस स्टॉपवर बघितलं. बघोत.

११ जानेवारी, बुधवार

क्लोजिंगची बदली सुट्टी मिळाली. देव आहे.

सकाळी दाराच्या फटीतून बघतेय तर ठमी भिंतीवरून येतेय, तोंडात काहीतरी लोंबतंय. राखाडी. मानगुटीला धरलेलं, पाय पोटाशी घेतलेले. उतरली, खोक्यात ठेवलं, चाटलं, गेली. मी तोंडावर पदर दाबून धरलेला. जिन्यावर मामी, त्यांच्या तोंडावरही पदर.

मग दुसरं. मग खूप वेळ नाही. मी नखं खाल्ली, पन्नाशीला आलेली बाई. मग तिसरं. मामी चक्क टाळी वाजवणार होत्या, मी हात धरला.

ह्यांना फोन करून सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून. हे म्हणाले, प्रमोशन मिळालं तेव्हा एवढी आनंदलेली नव्हतीस. खरं आहे.

पिवळट्याला संध्याकाळपर्यंत आणलं नाही. दमली असेल. उद्या आणेल.

१२ जानेवारी, गुरुवार

रजा टाकली. कारण : डोमेस्टिक.

सकाळी ठमी ढिगाशी गेली आणि तशीच परत आली. पुन्हा गेली, पुन्हा परत. जाऊन बघते तर कोणीतरी लोखंडी खाट आणून टाकलीय, वर दोन गाद्या. सगळा ढीग खाली दबलाय. खोक्याचं तोंड बंद. आतून आवाज येतोय, बारीक. ठमी भोवती फिरतेय, पंजा घालतेय. फाटलेल्या कानाजवळ आता खरचटलंय तिला.

सेल्वम कामावर, गुम्मिडिपूंडीला, पहाटेच परतणार. फोन लावला. फॅक्टरीचा आवाज, त्यात तो ओरडतोय, "मॉर्निंग, मॅडम, मॉर्निंग. आधी काढू. मग फायर." मी खाट हलवायला गेले तर सगळंच कुरकुरलं. सोडून दिलं. एकटीचं काम नाही.

मामींनी दहीभात पाठवला. तसाच आहे. माझाही, ठमीचाही. तिघं इकडे ओरडतायत म्हणून ती इकडे पळते, तिकडचं ओरडतं म्हणून तिकडे. मला बघवत नाही. आणि हे सगळं माझ्या खोक्यामुळे.

पहाटेचा गजर लावला. झोप कुठली लागायला.

१३ जानेवारी, शुक्रवार. भोगी

मेळमच्या आवाजाने गजराच्या आधीच उठले. नाईटीवर टॉवेल टाकला, इथल्या बायका टाकतात तसा, आणि धावले. अर्धी गल्ली जमलेली. एकाच्या हातात रॉकेलची बाटली. मी सरळ ढिगासमोर उभी राहिले आणि म्हटलं "वेंडाम". नको. पुढचं तमिळ आठवेना म्हणून मराठीत बोलले, मोठ्याने, काय काय बोलले देव जाणे. बहुतेक शिव्याही होत्या.

लोक हसायला लागले. मग वरून मामी. गॅलरीत उभ्या राहून तमिळमध्ये असं काही सुनावलं की मेळम थांबला.

सेल्वम आला, लुंगी वर खोचली, आणखी दोघांना घेतलं. खाट उतरवली. गाद्या. कपाटाचं दार. खोक्याची एक फळी पिचलेली. त्याने हात पुढे केला तसं मी म्हटलं, थांबा, मी घेते. माझं खोकं.

हात घातला. पेंढा, पेंढा, मग ऊब. अजून ऊब होती. तळहाताएवढाही नाही तो, आणि छातीत नुसतं धडधडतंय. दोन्ही डोळे उघडे आता. मी रडले, लिहायला लाज कसली. सेल्वमही बघत होता आणि बघत नसल्यासारखं करत होता.

मग पेटवलं. माझं खोकंही. केवढी ज्वाळा, शेजारच्या गल्लीला जळवणारी.

पिवळट्याला घेऊन मागच्या दारी आले. मामी खाली येऊन थांबलेल्या. तिघांच्या अंगाखालचं वैकोल काढून त्यांनी माझ्या हातातच पिवळट्याला चोळलं, पाठीला, पोटाला, डोक्याला. माझा वास जावा म्हणून. "पुरे. आतां ठेव. आणि दार लाव." ठेवला. तिघांच्या मध्ये शिरला लगेच.

पण ठमी नाही. मेळम आणि धुराने ती भिंतीच्या टोकाला जाऊन बसलीय. तिथून मला बघत होती. खाली उतरेना. मी तिथे असेपर्यंत उतरणार नाही, म्हणून दार लावून आत आले.

बाजरीचं पीठ तसंच पडलंय. भाजी चिरायला घेतली, गाजर चिरलं, पुढे होईना. इथे लिहीत बसले. चौघं ओरडतायत. चारही आवाज वेगळे ओळखू येतात आता, सगळ्यात बारीक तो त्याचा. तिने याला घेतलं नाही तर? याच्यामुळे त्या तिघांनाही टाकलं तर? मामी म्हणाल्या दुपारपर्यंत दार उघडायचं नाही, काही झालं तरी.

आत्ता ओरडणं थांबलं. एकदम, चौघांचंही. पाजायला बसली असेल. तसंच असेल. वरून मामींचाही आवाज नाही, त्याही कान लावून असणार.

कडीला हात लावला आणि परत येऊन बसले.