पिरॅमिड सुटेपर्यंत

११ फेब्रुवारी
नुरझातला मुलगी झाली. परवाच. ओरोझबेकने जेवताना सांगितलं, मीठ दे म्हणावं तसं. ओरोझबेक, माझा नवरा, आमच्या नारिनहून बालिक्चीपर्यंत टॅक्सी चालवतो, लेकीचं घर त्याच्या रस्त्यावरच आहे, त्यामुळे मला बातम्या मिळतात. तिच्याकडून नाही.
मेडिकलचं तिसरं वर्ष सोडून तिने टायर दुरुस्त करणाऱ्या कुबानशी लग्न केलं. मी लग्नाला गेले नाही. पहिला फोन धाकट्याने करायचा असतो, एवढंच माझं म्हणणं.
तरी पाळणा आमच्याकडूनच जायला हवा. तो मुलीच्या आईचा मान. मी तो थंडीच्या सुरुवातीलाच करून घेतला, पॅसेजमध्ये ठेवलाय, वर चादर. चाळिसाव्या दिवशी बाळाला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालतात आणि मग पाळण्यात ठेवतात. म्हणजे भरपूर वेळ आहे.
निश्चय: मन शांत झालं की फोन करायचा. मन शांत करायला पत्ते. पिरॅमिडचा एक डाव पूर्ण सुटला की लगेच फोन. ही अंधश्रद्धा नाही. शिस्त आहे.

१२ फेब्रुवारी
बाजारातून नवा बावन्न पत्त्यांचा जोड आणला. घरातला ओरोझबेकचा जोड छक्कीपासून सुरू होतो. टॅक्सी स्टँडवर ड्रायव्हरांचा दुराक या पत्त्यांच्या खेळाचा अड्डा असतो, त्यात लहान पत्ते लागतच नाहीत. हरणारा 'मूर्ख'. शेवटी हातात छक्क्या आल्या तर त्या हरणाऱ्याच्या खांद्यावर ठेवतात, फौजदाराच्या फितीसारख्या. पन्नाशीचे पुरुष!
माझा खेळ डोक्याचा. सात ओळींचा पिरॅमिड, उघड्या पत्त्यांतून तेराची जोडी काढायची. राणी-एक्का, गुलाम-दुर्री, सत्ती-छक्की. राजा एकटाच निघतो. मी गणित शिकवते. संध्याकाळपर्यंत सुटेल.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
नाही सुटला. पत्ते नवे, नीट पिसले जात नाहीत.

१६ फेब्रुवारी
स्ट्रॅटेजी ठरवली. पहिला पत्ता उचलायच्या आधी पूर्ण पिरॅमिड वाचायचा. शक्यतो पिरॅमिडमधलीच जोडी काढायची, हातातल्या गड्डीतले पत्ते राखून ठेवायचे. डावीउजवीकडून सारखं उतरायचं, एकच बाजू पोखरायची नाही. हे सगळं घाई करणाऱ्यांना कळत नाही. नुरझातला तर लहानपणीही कळलं नाही. दिसली जोडी की उचल.
ओरोझबेक म्हणाला, उद्या येतेस का बालिक्चीला? मी म्हटलं, वाटेत डोलॉन घाटात बर्फ आहे. तो म्हणाला, अगं, मी रोज जातो. मी म्हटलं, तू ड्रायव्हर आहेस.

२२ फेब्रुवारी
सत्ती नडते. सगळं निघतं आणि वर एक सत्ती बसून राहते. तिच्यावर तिचीच छक्की बसली असेल तर ती छक्की दुसऱ्या सत्तीबरोबर आधी काढावी लागते, हे मी शोधून काढलं. तरी एक सत्ती उरतेच. सत्ती हा पत्ता मुळातच हट्टी आहे. कुणासाठी खाली उतरत नाही.

२८ फेब्रुवारी
शेजारची सोनुन गरम तळलेले बोर्सोक घेऊन आली. पॅसेजमध्ये पाळणा आणि आत मांडलेले पत्ते बघून तिने तोंडावर हात ठेवला. एजे, म्हणजे ताई, पाळणा आलेल्या घरात जुगार? मी म्हटलं, जुगार नाही, अभ्यास आहे. तिने चहा ओतला, डाव बघत बसली. मग म्हणाली, एजे, पत्ते मोजलेत का? मला हसू आलं. गणिताच्या बाईने पत्ते मोजायचे!
जाताना चादर उचलून पाळणा बघितला. म्हणाली, रिकामा हलवू नका हं. ते अशुभ असतं, एवढं मला माहीत नाही होय?
बाळाचं नाव काय ठेवलं, तिला माहीत होतं. मला विचारायला जीभ रेटेना. तिने पण सांगितलं नाही.

८ मार्च, दुपार
महिला दिन. वर्गाने मिमोसाची फुलं दिली. घरी येऊन डाव मांडला आणि असा डाव आजवर आला नव्हता. तीनच पत्ते उरले, गड्डीही बाकी. तेवढ्यात फोन वाजू लागला. आता उठले तर कोणता पत्ता कुठे गेला ते विसरेन, म्हणून नाही उठले. बराच वेळ वाजला.
सत्ती अडली.
फोन बघितला. नुरझात.

८ मार्च, संध्याकाळ
पहिला फोन तिने केला. म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. आता ती पुन्हा करेल. मी लगेच केला तर वाटेल, मी वाटच बघत होते.
ओरोझबेकने विचारलं, पोरीचा फोन आला होता का? मी म्हटलं, रेंज नसते.

९ मार्च
आज केला नाही तिने. बाळ लहान आहे. वेळ मिळत नसेल.

१५ मार्च
ओरोझबेक अड्ड्यावरून हरून आला. मित्रांनी त्याच्या जाकिटाच्या दोन्ही खांद्यांना छक्क्या चिकटवल्या होत्या, तो तसाच आत आला. डाव्या खांद्यावर चौकट छक्की. पाठ निळी, बदकांची. माझ्या जोडाची.
म्हणाला, आमची छक्की अड्ड्यावर बकितच्या सिगरेटने जळाली, म्हणून ही नेली. तुझ्याकडे आहेत ना पुष्कळ. मी विचारलं, कधी? म्हणाला, तू जोड आणलास त्याच दिवशी.
मी ओरडले. महिनाभर मी बिनछक्कीचा पिरॅमिड सोडवत होते! तो जाकीट काढता काढता म्हणाला, अगं बायको, एक पत्ता महिनाभर नाही, तुला कळलं नाही. पोरगी वर्षभर नाही.
मूर्खाला काय उत्तर द्यायचं. छक्की त्याच्या खांद्यावरून काढून घेतली.
आधीचे सगळे डाव रद्द. खरी सुरुवात आजपासून.

१९ मार्च
उद्या चाळिसावा. बाळाचं झबलं तयार आहे, रीतीप्रमाणे सात शेजारणींकडून मागून आणलेल्या चिंध्यांचं. उद्या सकाळी एक डाव, मग फोन, मग घाट. प्लॅन पक्का.

२० मार्च, सकाळ
पहिला नाही सुटला. ओरोझबेक बूट घालून दारात उभा होता. येतेस का? म्हटलं, मधल्या डावात आहे, दहा मिनिटं थांब. तो थांबला. मग पुन्हा म्हणाला, येतेस का? मी मान वर केली नाही. पॅसेजमध्ये काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या असतील.

२० मार्च, दुपार
सुटला!! पूर्ण! गड्डी फक्त एकदा जास्त फिरवली, काही ठिकाणी तसा नियम असतो. शेवटची जोडी सत्ती आणि चौकट छक्की. मी उठून टाळ्या वाजवल्या.
कोट घातला, झबलं घेतलं. पॅसेजमध्ये चादर घडी करून ठेवली होती. पाळणा नव्हता. जमिनीच्या लिनोलियमवर त्याच्या पायांचे चार गोल डाग.
नुरझातला फोन लावला. कुणी उचलला नाही. न्हाऊ घालत असतील.

२० मार्च, संध्याकाळ
ओरोझबेक परत आला. बाळाला विहीणबाईंनी पाळण्यात ठेवलं. बाळ रडलं नाही. नाव आइझिरेक.
मी विचारलं, माझं काही विचारलं का तिने? तो चहा ढवळत राहिला. म्हणाला, तिने विचारलं, आई नाही आली? मी तिला म्हटलं, घाटात बर्फ आहे. तर म्हणाली, बाबा, तुम्ही त्याच घाटातून आलात ना?
एवढंच. मग त्याने झबलं उचललं, उद्या नेतो म्हणाला, आणि झोपायला गेला.
आज पत्ते मोजले. बावन्न. एकही कमी नाही.