कोपरभर पाण्यातल्या बांगड्या

प्रिय आत्याबाई,

'प्रिय' वाचून हसू नका. जिवंतपणी असं म्हटलं असतं तर तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतात. चौथी शिकलेल्या सुनेचं अक्षर आहे, चालवून घ्या. मेलेल्या सासूला सून पत्र लिहिते हे गावात कोणी ऐकलेलं नाही. पण गाऱ्हाणं तुमच्याच धाकट्या लेकाचं आहे, ते दुसऱ्या कोणाकडे नेऊ?

उद्या सकाळी भावजी तळ्याचं पाणी सोडायची तळाची मोरी उघडणार आहेत. आणि मी ती मोरी उघडायच्या चाकावर जाऊन बसणार आहे. आधी तुमच्या कानावर घालते, मग बसते.

आठवतंय का? मी पोशीरहून लग्न होऊन आले, अंगावरची हळद गेली नव्हती, आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला डोंगराखालच्या ह्याच तळ्यावर नेलंत. हंडा खाली ठेवायला लावलात. "हात दे गं," म्हणालात आणि माझा हात कोपरापर्यंत पाण्यात घातलात.

"बांगडी न् बांगडी सुटी दिसते काय?"

"दिसते."

"मग भर हंडा. दिसली नाय, सगळा एकच पट्टा दिसला, तर त्या दिवशी हे पाणी प्यायचं नाय. विहिरीवर जायचं."

मला राग आला होता. तुमच्या हाताला काय झालंय, असं अगदी ओठावर आलं होतं. मग तुमचे हात बघितले. मोकळे. मामंजी गेल्यापासून तुम्हाला पाणी बघायला दुसरीचा हात मागावा लागत होता. निमूट हंडा भरला. माझ्यासारखी बाई गप्प बसली, म्हणजे बघा!

तेव्हा पाणी काय होतं हो! पावसात लाल व्हायचंच, पण गौरी जेवून गेल्या की निवळायला लागायचं. नवरात्रात खालचे दगड दिसायचे. भिवपुरीच्या तुमच्या भाचीला तुम्ही टोमणा मारायचात, "तुमच्याकडं पाण्यावर वीज होते, आमच्याकडं पाण्यात तोंड दिसतं."

मग ते दिवाळीपर्यंत लाल राहायला लागलं. मग संक्रांतीपर्यंत. तुम्ही माझा हात बुडवायचात, डोळे बारीक करायचात आणि म्हणायचात, "डोळे गेले गं माझे." मी ओरडायचे, "डोळे नाय गेले, पाणी गेलंय!" ऐकाल तर शपथ. शेवटी कर्जतला नेऊन मोतीबिंदू काढला. घरी आलात आणि सुईत दोरा ओवलात. परसात शिरलेली कोंबडी कोणाची ते ओट्यावरून सांगितलंत. आणि तळ्यावर गेलं की पुन्हा तेच, "डॉक्टरनं नीट केलं नाय."

आत्याबाई, एवढं एक मला तुमचं पटलं नाही. सगळं तळं गढूळ झालं, तरी खोट स्वतःच्याच डोळ्यात काढलीत. का?

मलाही कारण ठाऊक नव्हतं. डोंगरावर बंगल्यांसाठी जेसीबी चालतात, त्यांची माती येते असं मी धरून चालले होते. त्या ड्रायव्हरांना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग गेल्या दिवाळीच्या आधी पाणीखात्याची एक इंजिनीअर मुलगी आली. दोरीला बांधलेली काळी-पांढरी थाळी होडक्यातून पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. मी काठावरून विचारलं, "काय गं, मासे धरतेस?"

"नाही मावशी, पाणी किती खोलवर दिसतं ते बघते."

मी हात बुडवून दाखवला. ती एवढी हसली! तिनं घड्याळ काढून आपलाही हात घातला. मी म्हटलं, "तुझ्या हातात काहीच नाय, तू काय बघणार?"

तिनंच समजावलं. जेसीबीची माती येते, पण ती थोडी. जास्त माती तळ्याच्या स्वतःच्याच काठाची. तळं भरलेलं असलं की ती माती पाण्याखाली निजलेली असते. उन्हाळ्यात पाणी फार खाली ओढलं की ती उघडी पडते, वाळते, भेगाळते, त्यावरून गुरं फिरतात. पाऊस आला की सगळी आत. त्यात आणखी तळाची मोरी एकदम उघडली की खालचा गाळ ढवळून निघतो, आणि पाणी उथळ राहिलं तर नुसता वारासुद्धा ते गढूळ करतो.

"म्हणजे निजलेलं पोर उठवायचं आणि रडतंय म्हणून त्यालाच मारायचं!" मी म्हटलं.

"तसंच मावशी. पाणी वरच्या मोरीतून घ्या. आणि त्या काळ्या धोंड्याच्या खाली नेऊच नका."

काळा धोंडा ठाऊक आहे ना तुम्हाला? ज्यावर तुम्ही गोधड्या आपटायचात तोच. खात्यानं सांगितलं, पण चाक फिरवणार गावाची पाणी कमिटी. आणि कमिटीचे अध्यक्ष कोण? तुमचे धाकटे चिरंजीव.

मागच्या उन्हाळ्यात, ती मुलगी यायच्या आधी, त्यांनी पाणी धोंड्याच्या पार खाली नेलं होतं. मी तळात उतरून चालत गेले. दहाव्याच्या दगडापाशी चिखल वाळला होता आणि त्यात काचा चमकत होत्या. हिरव्या, लाल, काही पार झिजून गोल झालेल्या. नवरा गेला की आपल्याकडे बायका तिथेच बांगड्या फोडतात ना? पिढ्यान् पिढ्यांच्या पडल्या होत्या. त्यात तुमच्याही असणार. रडले नाही. भयंकर चीड आली.

मग दिवाळीनंतर तुमचा थोरला गेला. झोपेतच गेला, कोणाला त्रास दिला नाही, आयुष्यभर दिला नव्हता तसा. दहाव्याला बायका मला त्याच दगडापाशी घेऊन गेल्या. एकीनं मनगट धरलं. मी हात सोडवून घेतला.

"मग मी पाणी कशानं बघू?" म्हटलं.

"अगं शेवंते, लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, पाणी प्यायच्या आधी माझ्याकडं या."

हात मोकळे करून घेतले नाहीत, आत्याबाई. तुम्हाला राग आला असेल तर स्वप्नात येऊन बोला. पण मला वाटतं तुम्ही आतून हसला असाल.

यंदा मी आणखी एक केलं. घरोघर फिरून बायकांना सांगितलं, उन्हाळी भात करू नका, वालावर भागवा, पाणी धोंड्याच्या वर ठेवूया. शिव्या खाल्ल्या. पण पुष्कळ जणींनी ऐकलं. माझंही शेत रिकामं आहे, तांदूळ विकत आणते. तळं धोंड्यापर्यंत येऊन टेकलं आणि तिथेच थांबलं. मला वाटलं, जिंकलो!

आणि परवा कमिटीत भावजी म्हणतात, उरलेलं पाणी बंगलेवाल्यांना द्यायचं. पोहायचे हौद भरायचेत त्यांना.

मी म्हटलं, "भावजी, आमी भात सोडलं ते त्यांच्या बुडक्या मारायला?"

"वैनी, पाणी काय शोभेला ठेवायचं हाय? गावाला चार पैसे येतील. गाळायचं मशीन बसवू."

"आधी माती कालवायची, मग मशीन बसवायचं! तुमची अक्कल गाळून घ्या आधी."

सगळे हसले. ते लाल झाले. म्हणाले, "दादा गेल्यापासून तुमाला कोणाचा धाक राह्यला नाय."

"दादा होते तेव्हा तरी कुठं होता?" म्हटलं. हे मात्र खरं, तुम्ही साक्षीदार आहात.

लहानपणी हाच लेक तळ्यात पाय घालून बसायचा आणि बोटांना मासे टोचतात म्हणून खिदळायचा, तुम्हीच सांगायचात. कसा विसरला हो? कान धरायला तुम्ही नाही, म्हणून मला चाकावर बसायला लागतंय. भाकरी बांधून ठेवली आहे. बरोबर कोण कोण येतं ते बघू. कोणी नाही आलं तरी चाक एवढंसं आहे, माझ्या एकटीनं भरेल!

भावजी आले तर भांडणार आहेच. पण त्याआधी त्यांचा हात धरून पाण्यात घालणार, तुम्ही माझा घातलात तसा.

आणि तुम्हाला शब्द देते. आज बाजारातून दोन बांगड्या जास्तीच्या भरून आले आहे, हिरव्या, तुमच्या वाट्याच्या. पाणी धोंड्याच्या खाली जाऊ देणार नाही. आणि पुढच्या नवरात्रात ह्याच हातानं कोपरभर पाण्यात त्या दोन्ही सुट्या सुट्या दाखवीन. तेव्हा तरी कबूल करा, आत्याबाई, डोळे तुमचे चांगलेच होते.

तुमची तोंडाळ सून,
शेवंता