फ्रिज रात्री कोणासाठी चालतो?

१ मार्च १९८७, रविवार. सकाळी ६.
मीटर रीडिंग २३१४. आजपासून युद्ध.
काल ऑफिसात नागपूरचे एक साहेब वीज बचतीवर दीड तास बोलले, डोक्यावर पंखा फुल ठेवून. बाकी स्टाफ झोपला. नोट्स काढल्या त्या फक्त मी. अख्ख्या राजुऱ्यात ही गोष्ट कोणी मनावर घेणार असेल तर तो वामनराव.
पुठ्ठ्यावर सात नियम लिहून स्वयंपाकघरात टांगले. सत्यशीलेने भाकर थापता थापता वाचले. म्हणाली, "आठवा कोनता?" म्हटलं, सातच आहेत. "मंग बरं हाय," म्हणे. बायको सरकारी नर्स आहे, पण नियमांची गोडी नाही.

३ मार्च, मंगळवार.
स्वयंपाकघरात साठऐवजी पंधराचा बल्ब लावला. वरणात हळदीच्या जागी तिखट पडलं. सत्यशीला म्हणे दिसलं नाही. मी पूर्ण वाटी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याचा बल्बशी संबंध नाही.

५ मार्च, गुरुवार.
साहेबांनी सांगितलं होतं, इस्त्री बंद केल्यावरच्या उरलेल्या गरमीत रुमाल होतो. मी पँट केली. बुद्धी वापरली की प्रगती होते.
ऑफिसात रामाजीने विचारलं, "वामनभाऊ, डेपोतच झोपले होते का जी?" रामाजी आमच्या लाकूड डेपोत माझ्याहून ज्युनिअर आहे. जळतो.

८ मार्च, रविवार. दुपार.
मोठा शोध. जानेवारीत घेतलेला फ्रिज चोवीस तास चालतो! रात्री आपण झोपलेले, वरण झोपलेलं, मग हा कोणासाठी घुरघुरतो?
सत्यशीलेला सांगितलं. ती उठून फ्रिजसमोरच उभी राहिली. "याले हात लावू नका. मंगळवारी रात्री तं बिलकुल नाई." मग बरंच सांगितलं. बुधवारी ती जिवतीकडच्या टेकागुड्याला लेकरांना गोवराची लस टोचायला जाते. सकाळी सहाच्या बसच्या वेळेला दवाखाना उघडलेला नसतो. म्हणून लस आदल्या संध्याकाळीच आणून आपल्या फ्रिजात ठेवते. वरच्या कप्प्यात पाण्याच्या चपट्या बाटल्यांचा बर्फ करते, तो लसीच्या डब्यात लागतो. वगैरे.
मी हो म्हटलं. तेव्हा मीटरची चकती मोजत होतो.

१० मार्च, मंगळवार. रात्री ८.
बंद केला. ती शेजारी केसरबाईकडे गेली होती. उगाच कशाला सांगायचं, सकाळी पाचला सुरू करणारच आहे. दार लावलेलं असलं की थंडी जाणार कुठे? थर्मासला काय प्लग असतो?

११ मार्च, बुधवार. सकाळी ७.
पाचला सुरू केला. मिनिटभरही उशीर नाही. हे कोणी बघत नाही.
साडेपाचला सत्यशीलेने बाटली काढली. हलवली. गुळगुळ वाजली. दुसरी, तीही वाजली. माझ्याकडे बघून फक्त विचारलं, "कितीले बंद केला?" म्हटलं, आठला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर माझ्याकडे उत्तरं होती.
लसीच्या कुप्या बाजूला काढल्या. म्हणे, आता या कोणत्याच लेकराला देता येणार नाहीत, दवाखान्यात परत कराव्या लागतील. डबा घरीच ठेवला, रजिस्टर घेतलं आणि निघाली. म्हटलं, लस नाही तर जाते काऊन?
"बाया डोंगर उतरून येतीन. त्यायले सांगाले कोनी पायजे का नाई?"
पाऊण युनिट वाचलं. नोंद करून ठेवतो.

संध्याकाळी ७.
ती आली. पायांवर लाल धूळ. म्हणाली, अठरा लेकरं होती. सुकरी नावाची बाई जुळी घेऊन आली होती, एक पाठीवर, एक कमरेवर. दोन तास चालत. बाजूच्या वस्तीत गोवर निघाला आहे. सगळ्यांना परत पाठवलं.
मी पाऊण युनिटाचं सांगितलं. ती आत गेली. बायको आत गेली म्हणून आकडा खोटा होत नाही.

१२ मार्च, गुरुवार.
अबोला. ठीक आहे. मीही कमी बोलणाराच माणूस.
पण आज केसरबाईकडून कळलं की सत्यशीलेने टेकागुड्यात खरंच सांगून टाकलं, "माह्या नवऱ्यानं फ्रिज बंद केला." लाइन गेली होती म्हणाली असती तर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता! आता अख्ख्या डोंगरात माझी बदनामी.
निर्णय : पुढच्या बुधवारी रजा काढून स्वतः जाणार. लोकांना वीज बचतीचं महत्त्व पटवणार. भाषण वीस मिनिटांचं. पाठ चालू आहे.

१८ मार्च, बुधवार. रात्री.
रीडिंग घेतलं नाही.
बस खाली सोडते, पुढे डोंगर चढावा लागतो. लसीचा डबा मी धरला. सत्यशीला आठ दिवसांत पहिल्यांदा बोलली, "उनात ठेवू नका." दीड तास तो खाली ठेवला नाही. खांदा गेला.
टेकागुडा म्हणजे पंचवीस घरं. शाळेच्या पडवीत बाया, लेकरं. नीलाबाई नावाच्या म्हातारीने मला खालून वर बघितलं. "फ्रिज बंद करनारे भाऊ हेच काय?" सगळे हसले. लेकरंसुद्धा.
मी डगमगलो नाही. भाषण सुरू केलं. तिसऱ्याच मिनिटाला चैतू नावाचा गडी उठला. अगदी सरळपणे म्हणाला, "वीज वाचवा म्हंता, भाऊ. आमची तं दोन वर्सापासून वाचूनच राह्यली. खांब हायेत, तार नाई."
बाहेर बघितलं. खांब होते. एकावर कावळा.
भाषणाची उरलेली सतरा मिनिटं दिली नाहीत.
पडवीत सतरा लेकरांना टोचलं... नाही, सोळा. अठरातली दोन कमी होती. सुकरीची. सत्यशीला दोन तास चालून वरच्या वस्तीत तिच्या घरी गेली, मी डबा घेऊन मागे. एका पोराच्या अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले. दुसरं बरं होतं. त्याला सुकरीने माझ्याच मांडीवर ठेवलं, "धरा जी." सुई टोचली तसं ते माझ्या गळ्याला बिलगून रडलं. माझ्याच गळ्याला. त्याला काय माहीत.
उतरताना सत्यशीलेला विचारलं, मागच्या बुधवारी टोचलं असतं तर त्या पोराला निघाला नसता का? मला वाटत होतं ती हो म्हणेल, म्हणजे मला भांडता येईल.
"सांगता येत नाई," म्हणाली. "आधीच अंगात असन. नसन बी."
मी डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

२५ मार्च, बुधवार. रात्री.
आजही रजा. हे काही कोणाच्या दबावाने नाही. डबा जड असतो आणि मला सवय झाली आहे, एवढंच.
सुकरीचं पोर वाचलं. फार वाळलं आहे, पण पेज प्यायलं. दुसऱ्याला गोवर निघाला नाही, अजून तरी. सत्यशीला म्हणे, वाट पाहू.
चैतूने विचारलं, भाऊ ऑफिसातले ना, मग तारेचा अर्ज लिहून द्या. वीस वर्षं क्लार्की केली, अर्ज म्हणजे माझा हातखंडा. विषय लिहिला : टेकागुडा येथे वीज मिळण्याबाबत. कारणापाशी अडलो. चैतूला विचारलं, कशासाठी पाहिजे म्हणून लिहू?
"लिवा, औषिधाले फ्रिज पायजे," चैतू म्हणाला. थोडा विचार केला. "अन् हे बी लिवा, इथी रातच्याले बंद करनारा कोनी नाई."
सत्यशीला तोंडावर पदर धरून हसली.
तसंच लिहिलं.