उत्तरेच्या भिंतीची ओल

भवानीपूर, कोलकाता
३ ऑगस्ट २००९

तीर्थरूप जेठूंच्या चरणी टुकूचा सा. न. वि. वि.

जुलैची पावती परवा मिळाली. नेहमीसारखी तुमच्या हिरव्या शाईत, 'श्री. निशिनाथ भादुडी यांजकडून भाडे पोचले.' पोस्टमन नवा आहे. निशिनाथबाबू घरात आहेत का, असं त्याने विचारलं आणि मी, का कोण जाणे, आहेत म्हणाले.

जेठू, एक मागणं आहे. तुम्ही घरमालक, पण लहानपणापासून मी तुम्हाला जेठू, म्हणजे थोरले काका, म्हणत आले. ते हक्काचं की लाडाचं, हे मला ठरवता येईना, म्हणून पत्राला उशीर झाला. हालदार वकिलांकडे गेले होते. ते म्हणाले, भाडेकरू वारला की शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलेल्या लेकीला पाच वर्षं भाडेकरू मानतात, आणि पुढे नवा करार करायचा झाला तर पहिला मान तिचा. पण ती तिथे राहते, भाडं भरते, याला कागद हवा. येत्या नोव्हेंबरात बाबांना जाऊन पाच वर्षं होतील आणि पावत्या अजून त्यांच्याच नावाने येतात, माझ्या नावाची एकही घरात नाही. पुढची पावती माझ्या नावाने लिहाल का? भाडंही आजच्या मानाने ठरवा. बाबांच्या काळचं भाडं पाठवताना मला संकोच वाटतो.

तुमच्या तळमजल्याचं कुलूप दर रविवारी काढून खिडक्या उघडते. तुमची वेताची खुर्ची आमच्या व्हरांड्यात होती तिथेच आहे.

माया असू द्या.
तुमची
टुकू


जमशेदपूर
१९ ऑगस्ट २००९

चि. टुकूस अ. आ.

पोस्टमनला दिलेलं उत्तर मला पसंत पडलं.

इथे नवव्या मजल्यावर सगळं ठीक आहे. सूनबाई इतकी गुणी, की भांडायला काही सापडत नाही. भांडावं तुझ्या बापाने! दरवर्षी दुर्गापूजेआधी हा गृहस्थ जिना उतरून उत्तरेच्या भिंतीच्या ओलीची लेखी तक्रार घेऊन यायचा आणि पोचेची सही घेतल्याशिवाय हलायचा नाही. मी लेखी उत्तर द्यायचो, की तुझी आई खोलीत ओले कपडे वाळवते, तेव्हा दोष भाडेकरूचा. मग दोघे मिळून पाहणीला वर यायचो. मुरमुरे आणि वांग्याची बेगुनी भजी संपेपर्यंत पाहणी चालायची. भिंत कधीच दुरुस्त झाली नाही. झाली असती तर पुढच्या वर्षी काय केलं असतं?

पावतीचं म्हणशील, तर महिनाअखेरीला निशीचं नाव लिहितो तेवढंच आता आमचं बोलणं उरलं आहे. ते खोडायला सांगू नकोस. शौभिकही म्हणाला, बाबा, आहे तसं चालू द्या, टुकूदीला कोण घालवतंय? माझा मुलगा म्हणून नव्हे, पण खरंच समजूतदार आहे. दुसरं काहीही माग, पोरी.

तब्येतीला जप. रागावू नकोस.
तुझा
जेठू


भवानीपूर, कोलकाता
८ सप्टेंबर २००९

तीर्थरूप जेठूंना सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. मुलाची चहाडी बापाकडे करावी का, हा प्रश्न सुटला नाही, तरी लिहिते.

रविवारी शौभिक आला होता, बरोबर एका बिल्डरचा माणूस. मैद्याच्या पुऱ्या, लुच्या, केल्या होत्या, त्या त्याने मागून घेतल्या. मग हात पुसत अगदी मायेने म्हणाला, टुकूदी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण कागदावर इथे निशिकाका राहतात, आणि ते तर नाहीत; म्हणजे नोव्हेंबरनंतर या मजल्यावर कोणीच राहत नाही. तो माणूस मापं टिपून घ्यायला तुमच्या खुर्चीत बसला होता. मी त्याला उठवलं. त्या दिवशी मला तेवढंच ठामपणे करता आलं.

हालदार वकील म्हणतात, भाडं आता सरकारी कचेरीत भरा आणि मालकाविरुद्ध अर्ज करा. त्यांनी कागद पुढे केला. वर तुमचं नाव होतं. सही झाली नाही. पण खोटं कशाला सांगू, तो फाडलाही नाही. पिशवीत घालून घरी आणला.

चूक एकट्या तुमची नाही. महिन्यातून एकदा बाबांच्या नावाने पत्र यावं, याची मलाही ओढ होती. पहिल्याच पावतीला बोलायला हवं होतं. तुम्ही लिहीत राहिलात, मी जपून ठेवत राहिले. दोघांनी मिळून बाबांना राहतं ठेवलं आणि मला घरातून पुसून टाकलं. पाच वर्षांची असल्यापासून मी इथे राहते, जेठू. दुसरीकडे डोळे मिटून दिव्याचं बटण सापडेल असं घर मला नाही.

आशीर्वाद मात्र थांबवू नका.
तुमची
टुकू


जमशेदपूर
२ ऑक्टोबर २००९

चि. टुकूस विजयादशमीचे अ. आ.

शौभिकला विचारलं. तो म्हणाला, पावत्या तुम्हीच लिहिल्यात ना, मी कुठे सांगितलं होतं? हे खरं आहे. तरी मी त्याला सांगितलं, की जिवंत आहे तोवर घर माझं आहे आणि तिथे राहणाऱ्या माणसाला नाव आहे. आठवडाभर आम्ही वेगवेगळ्या वेळी जेवलो. दशमीला तो पाया पडला. मीही डोक्यावर हात ठेवला. त्याचाही मला राग धरवत नाही.

सोबत नवा करार दोन प्रतींत आहे. एक सही करून पाठव. भाडं तू म्हणालीस तसं वाढवलं आहे, पण बेताने. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पावत्याही आहेत, तुझ्या नावाच्या. चार कागद वाया गेले. एकेचाळीस वर्षं टुकू टुकू केलं. 'केतकी भादुडी' असं आजवर एकदाही लिहिलं नव्हतं. स्मशानात मी हजर होतो, तरी निशी गेला तो परवा, ही पावती लिहून झाल्यावर.

घराची फार आठवण येते. पण तिकडे जायचं काढलं की शौभिक विचारतो, बाबा, तिथे आता तुमचं काम काय? मी गाडीचं वेळापत्रक मिटून ठेवतो.

लिहीत जा.
तुझा
जेठू


भवानीपूर, कोलकाता
१२ ऑक्टोबर २००९

श्री. भवतोष बागची, घरमालक, यांस
स. न. वि. वि.

सही केलेला करार सोबत आहे. वकिलांचा कागद फाडला. विजयेचा नमस्कार राहिला आहे, तो समक्ष करीन.

आता तक्रार. माझ्या भाड्याच्या जागेत उत्तरेच्या भिंतीला ओल आली आहे. नव्या करारानुसार भिंतींची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. ओल्या कपड्यांची सबब चालणार नाही. आईला जाऊन बारा वर्षं झाली.

तरी मालकांनी कालीपूजेच्या आत जातीने येऊन पाहणी करावी. ओल जुनी आहे, पाहणी दोन-चार दिवसांत उरकणार नाही. तळमजला झाडून घेतला आहे आणि गादीला ऊन दाखवलं आहे. काम काय, असं कोणी विचारल्यास हे पत्र दाखवावे.

पोच पोस्टाने पाठवू नये. इथे येऊन सही करावी.

आपली भाडेकरू,
केतकी भादुडी