माझा कान आणि तीन नंबरचा ब्लोअर

सोमवार, ६ जानेवारी २०२५
माझ्या मुलीला, दीक्षाला, तिच्या तळवड्याच्या ऑफिसात डायरी मिळाली. तिला नको होती, मी घेतली. संकल्प एकच: कानात जी शिट्टी वाजते तिचा उगम शोधणे. हे काम माझ्यासाठी किरकोळ आहे. चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं मेंटेनन्सला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर, मूठ कानाला. कुठलं बेअरिंग जाणार ते आठवडाभर आधी सांगतो. असला कान बिघडेल कसा? आवाज बाहेरून येतोय. बहुतेक सोसायटीचा पंप.

बुधवार, ८ जानेवारी
रविराज साहेबांनी व्हायब्रेशन मीटर आणलाय. टॉर्चएवढा, मशीनची थरथर मोजून बिघाड सांगतो. साहेब आमचे मॅनेजर, वय एकतीस, बोलणं फार गोड. म्हणाले, महिनाभर मशीन तपासायचा राउंड तुम्हीही घ्या, मीटरही घेईल. जो बरोबर ठरेल त्याच्याकडे राउंड. मीटर जिंकला तर मी टूल स्टोअरला, हत्यारं वाटायला. मी हसलो. मीटरची वॉरंटी एक वर्ष आहे.

गुरुवार, ९ जानेवारी. कंपनीची साप्ताहिक सुट्टी
पंपाबद्दल चेअरमन दौलतरावांना लेखी तक्रार. ते म्हणाले, बाकी कुणाला आवाज येत नाही. म्हटलं, बाकीच्यांना ऐकायचं ट्रेनिंग नाही.

रविवार, १९ जानेवारी, संध्याकाळ
विहारात वंदना, मग दहा मिनिटं ध्यान. सगळे गप्प. शिट्टी अशी काही चढली की पाचव्या मिनिटाला उठून बाहेर आलो. बायकोला, रश्मीला, सांगितलं, गुडघा धरला. तिने गुडघ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवार, २१ जानेवारी
विजय! सोसायटीने नवा पंप बसवला.
रात्री ९ : नवा पंपही सदोष. तीच शिट्टी, तोच सूर. हल्ली माल कुठलाच धड येत नाही.

शनिवार, २५ जानेवारी
लसणाचं कोमट तेल कानात. शर्टाची कॉलर गेली. शिट्टी आहे तिथे आहे.
घरात सगळ्यांना तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागलीय. रश्मीला प्रत्येक गोष्ट तीनदा विचारावी लागते. ती चिडते. चूक तिची, चिडायचंही तिनेच.
दीक्षाने गुरुवारी कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. जाणार नाही. डॉक्टरचा कागद एकदा कंपनीत पोचला की राउंड गेलाच. ही डायरी कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: भीती वाटते. मी मशीन शॉपमधून निघालो की ऑपरेटर हाका मारतात, रत्नाभाऊ, जरा आमचं मशीन ऐका. स्टोअरमध्ये मला कोण हाक मारणार?

गुरुवार, ३० जानेवारी. सुट्टी
डॉक्टरकडे गेलो नाही. कारण: सर्दी. दीक्षा बॅग उचलून ऑफिसला गेली.
रश्मीने तोंडातल्या तोंडात बोलणं सोडलं. आता किचनमधून व्हॉट्सॲप करते: ‘जेवायला या.’ घरात भांडण नाही, कटकट नाही. सुधारणा आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजवरचा हिशेब: मीटरने दोन बेअरिंग पकडली. मी एकही नाही. पण त्याने आधी पकडली म्हणून माझी राहिली, हे कुणी लक्षात घेत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
सापडलं!! पेंट शॉपमध्ये रंग सुकवायच्या ओव्हनला हवा देणारा ब्लोअर नंबर तीन. बारीक, उंच, अखंड शिट्टी. बेअरिंग आठ दिवस काढणार नाही. मीटर म्हणतो, सगळं ठीक. मी रिपोर्टवर सही करून लिहिलं, उघडा. उघडायचं म्हणजे अख्खी पेंट लाइन अर्धा दिवस बंद. साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाले, शुक्रवारी सकाळी उघडू.
माझ्याबरोबरचा फिटर गणराज चहाला म्हणाला, भाऊ, मला तर काय ऐकू न्हाई आलं, नीट बघा राव. त्याचा कान साधा. मनावर घेतलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
युनिफॉर्मला इस्त्री करून गेलो. ब्लोअरपाशी चौदा माणसं. साहेब म्हणाले, उघडण्याआधी एकदा शेवटचं ऐकून घ्या. गुडघे टेकले, स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. ऐकताना मी डोळे मिटतोच. स्वच्छ ऐकू आलं. हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणालो, ऐका, वाढतोय. आतली रिंग खाल्लीय, ग्रीस संपलंय. बरंच बोललो. छान बोलत होतो.
कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. गणराज उकिडवा बसला होता. कानाशी तोंड आणून म्हणाला, रत्नाभाऊ, मशीन बंद हाय. तुमी डोळं मिटलं तवाच साहेबांनी बंद करायला लावली. पॅनेलला मीच कुलूप घातलं.
शेजारचे दोन ब्लोअर चालू होते, जमीन थरथरत होती, त्यामुळे हाताला कळलं नाही. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. कुणी हसलं नाही. एक जण तरी हसायला हवा होता.
तरीही ब्लोअर उघडला. बेअरिंग नवंकोरं.
घरी आल्यावर रश्मीला सांगितलं, शिट्टी पंपाची नाही, माझी आहे. ती काहीतरी बोलली. मी विचारलं, काय? तिने पुन्हा सांगितलं नाही, शेजारी येऊन बसली.

सोमवार, १० फेब्रुवारी
टूल स्टोअरचा पहिला दिवस. साहेबांनी स्वतः आणून सोडलं. म्हणाले, मुद्दाम शांत जागा दिलीय, कानाला आराम पडेल. मनाने चांगला माणूस. जाताना दार ओढून घेतलं.
खोलीत मशीन नाही, पंखाही नाही. सकाळपासून पाने घ्यायला दोघं आले. बाकी शिट्टी. शॉपमध्ये ती निदान इतर आवाजांत मिसळायची.
रिटायर व्हायला सहा वर्षं आहेत.