सोलापूरची स्वस्त खोली

दापोडी

दादा, सविनय जयभीम.

सोलापुरात खोली तीन हजारांत मिळते, इथं सात जातात. भाजी-दूधही तिकडं स्वस्त. यांनी बदली घेतली असती तर महिन्याला चार पैसे उरले असते. पण तू शोधलेल्या खोलीच्या मालकिणीनं फोनवर आमचं आडनाव विचारलं आणि खोली कालच गेली म्हणाली. इथल्या घरमालकीण कस्तुराबाईंनी एवढंच विचारलेलं, "पहाटे पाण्याला उठशील ना गं?"

मालकिणीचं कळल्यावर हे हसले. "मग तेही भाड्यात धर. महागच की तुझं सोलापूर!"

आज त्यांनी बदली नाकारली. मी विहारात मेणबत्ती लावून आले, इतकं हलकं वाटलं.

हे पत्र मी टाकणार नाही; तुला मात्र फोनवर मुलांच्या शाळेचं कारण सांगेन. खोटं न बोलण्याचं शील मोडेल, पण त्या खोलीसाठी तू भर उन्हात वणवण फिरलास.

तुझी,
मिनल