पिंकीचा मामा

१६ जून, सोमवार
आले एकदाची राहू गावाला! बालवाडीत पहिलाच दिवस. बावीस पोरं, बावीस तऱ्हा. आयुषनं अर्धा तास माझी ओढणी सोडली नाही. मदतनीस भागुबाई म्हणाल्या, "रडत्यात तेवढी रडू द्या, बाई. खिचडीचा वास आला की गप व्हत्यात." तसंच झालं. दुपारी संस्थेचे अध्यक्ष भेळ घेऊन आले. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, मीही म्हणाले. राहायला त्यांच्याच चाळीत खोली मिळाली. नशीबच म्हणायचं.

१९ जून, गुरुवार
पिंकी, वय वर्षं चार. गुणी पोर. हात धुताना बाही वर केली तर दंडावर चटक्याचे तीन डाग. एक जुना, दोन ओले. कुणी केलं विचारलं. म्हणाली, मामानं. आईचा भाऊ असणार, मेला.

२० जून, शुक्रवार
प्रशिक्षणात घोकलंय: संशय आला की १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा, खात्रीची वाट बघायची नाही. पण भागुबाई म्हणाल्या, आधी मामांच्या कानावर घाला, इथं तशीच रीत आहे. नवीन माणसानं कशाला रीत मोडायची? शहाणी मी! सगळं लिहून दिलं, पोरीच्या नावासकट. मामांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मी बघतो म्हणाले. हलकं वाटलं.

२३ जून, सोमवार
पिंकी आली नाही. मन थाऱ्यावर नाही. सुट्टी होताच तिच्या घरी गेले. आई खुरपायला निघाली होती. तुमचा भाऊ कुठं असतो, विचारलं. म्हणाली, मला भाऊच नाही, आम्ही चौघी बहिणी.
मग पोर मामा कुणाला—
"आवं, आपल्या मामांना! सकाळीच घिऊन गेले तिला. दवाखान्यात दावतो म्हणाले. बाईंनी लिहून दिलंय म्हणाले."
मी. मीच लिहून दिलंय.

दुपारी तीन
खोलीत आले. १०९८ लागला. फोनवरच्या ताईंनी त्या माणसाचं नाव विचारलं. मला नावच माहीत नाही. आठ दिवस नुसतं मामा, मामा—

तीन दहा
पोलीस निघालेत म्हणतात. बाहेर गाडी थांबली. पिंकी आहे. मामांनी हात धरलाय तिचा. मला हाक मारतायत, गोड आवाजात.
कडी लावलीय. पण पोर बाहेर, मी आत. असं कसं चालेल?
फोन चालूच ठेवते. वही गादीखाली ठेवते. कडी काढते. एकदा तिचा हात माझ्या हातात आला की मी काही तो सोडणार—